बाळंतपणानंतर रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंड तिन्ही बिघडले असतील तर रोजचे कसे सांभाळावे?

ताई, बाळंतपणाला सात महिने झाले तरी रक्तदाब १५०–१६० च्या खाली येत नाही, इको तपासणीत हृदयाचे पंपिंग कमी आले आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावल्याचे रक्तात दिसणारे माप) वाढले आहे आणि घरची मंडळी मात्र ‘बाळ अंगावर पिते, गोळ्या बंद कर’ असे म्हणतात, असे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. परभणीत राहते आणि दुसऱ्या बाळंतपणापासून ही तिन्ही दुखणी घेऊन नोकरी व घर सांभाळते. तेव्हा पुढचे सगळे रुग्ण म्हणून शिकलेले आहे असे समजून वाचावे.

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. केवळ गरोदरपणामुळे चढलेला रक्तदाब साधारणपणे प्रसूतीनंतर १२ आठवड्यांत उतरतो. त्यानंतरही तो १४०/९० च्या वर राहिला तर तो कायमचा आजार धरून उपचार होतात. पुष्कळदा तो, किंवा मूत्रपिंडाचे दुखणे, आधीपासूनच असते. आपल्याकडे बाईचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला जातो तोच मुळी गरोदरपणात. म्हणून लघवीतील प्रथिनांची तपासणी आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली नसेल तर डॉक्टरांना तसे विचारावे. दुधाचे म्हणाल, तर लॅबेटालॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल यांसारखी औषधे अंगावर पाजणाऱ्या आईला दिली जातात, कारण ती दुधात फार थोडी उतरतात. आपल्या चिठ्ठीवर दुसरे काही असेल तर बाळ दूध पिते आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, ते गोळी बदलून देऊ शकतात.

खरी अडचण पाण्याची आहे. हृदय अशक्त असेल तर पाणी मोजून प्यायला सांगतात, आणि इकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की जो तो भरपूर पाणी पी म्हणतो, शिवाय बाळाला पाजणाऱ्या आईला तहानही जास्त लागते. यावर एकच आकडा सर्वांना लागू होत नाही. दिवसाला किती लिटर, आणि उन्हाळ्यात त्यात किती वाढवायचे, हे आपल्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. मी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करते. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर ते अंगावर चढलेले मांस नसून बहुधा साठलेले पाणी असते आणि लगेच दाखवावे लागते. याच्या उलटही घडते. जुलाब, उलट्या किंवा उन्हाचा त्रास होऊन शरीर कोरडे पडले आणि लघवी होण्याच्या व एनालाप्रिलसारख्या गोळ्या तशाच चालू राहिल्या, तर मूत्रपिंडांवर एकदम ताण येतो. अशा दिवशी त्या गोळ्यांचे काय करायचे हे आधीच विचारून ठेवावे, कारण आजारी पडल्यावर विचारण्याचे त्राण राहत नाही.

मीठ दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. ज्वारीच्या भाकरीत मीठ नसले तरी सोबतचा ठेचा, लोणचे आणि पापड हिशेब बिघडवतात. बाजारातले ‘लो सोडियम’ मीठ मात्र आणू नये, त्यात पोटॅशियम असते आणि ते दुबळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही हृदय आणि मूत्रपिंड दोघांनाही घातक. बाळंतिणीचे काढे आणि चूर्णे मी आता घेत नाही, त्यावरून सासूबाईंशी थोडे वाजलेही.

एकाच डॉक्टरांकडे तिन्ही आजारांची फाइल असावी, असे माझे ठाम मत आहे. हृदयाचे डॉक्टर एक गोळी वाढवतात, तिने क्रिएटिनिन व पोटॅशियम हलते आणि ते तपासायचे कोणी, हे कोणालाच ठाऊक नसते. आपण गेवराईकडच्या, म्हणजे अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा संभाजीनगरची घाटी (तिथले सरकारी रुग्णालय) यांपैकी जे जाण्यायेण्याला सोयीचे असेल तिथे मेडिसिन विभागात नाव घालावे. ऊसतोडीला जायचे असेल तर हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या मिळतील का हे निघण्यापूर्वीच विचारावे, आणि तशा अवस्थेत मोळ्या उचलण्याचे काम करावे की नाही, हेही.

दुसऱ्या मुलाचा विषय घरात निघेलच. पंपिंग पूर्ववत झाल्याचे इकोत दिसेपर्यंत दिवस राहणे जिवावर बेतू शकते, आणि एनालाप्रिल गर्भाला अपायकारक असते. संततिनियमनासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या आपल्याला चालणार नाहीत. तांबी बसवण्याविषयी नवऱ्याला सोबत घेऊनच डॉक्टरांशी बोलावे. आडवे झाल्यावर दम लागला, छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा रक्तदाब १६०/११० वर गेला, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.