वाचकांचे प्रश्न : ‘द थिन मॅन’विषयी

मागील अंकात 1934 सालच्या ‘द थिन मॅन’ या अमेरिकी कृष्णधवल रहस्यपटाचा उल्लेख आला होता. खासगी गुप्तहेराचा व्यवसाय सोडलेला निक चार्ल्स, त्याची श्रीमंत पत्नी नोरा आणि त्यांचा कुत्रा अ‍ॅस्टा नाताळच्या सुट्टीत न्यूयॉर्कला येतात आणि एका बेपत्ता संशोधकाच्या प्रकरणात गुंततात, असे त्याचे कथासूत्र आहे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. खुनी कोण, हे विचारणाऱ्यांनी मात्र चित्रपटच पाहावा, अशी विनंती आहे.

प्रश्न : मेट्रो-गोल्डविन-मेयरसारख्या बड्या कंपनीने हा चित्रपट दोनेक आठवड्यांत का उरकला? आणि ती घाई पडद्यावर जाणवत कशी नाही? (एक वाचक, म्हापसा)

कंपनी बडी होती, तरी तिच्या लेखी हे काम किरकोळ होते. खर्च सुमारे 2 लाख 26 हजार डॉलर, म्हणजे तिच्या मानाने बेताचाच होता. शिवाय नोराच्या भूमिकेसाठी मर्ना लॉय कंपनीचे प्रमुख लुई मेयर यांना पसंत नव्हती. तीन आठवड्यांत तिला पुढच्या चित्रपटासाठी मोकळे करायचे, या अटीवरच त्यांनी होकार दिला. दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक पहिल्याच टेकवर समाधान मानण्याबद्दल प्रसिद्ध होते, त्यामुळे ही अट त्यांना जड गेली नाही.

घाई जाणवत नाही याचे खरे कारण चित्रीकरणाआधीच्या निर्णयांत आहे, असे मला वाटते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रपटात विल्यम पॉवेल (येथे निकच्या भूमिकेत) आणि मर्ना लॉय यांना व्हॅन डाइक यांनी एकत्र काम करताना पाहिले होते, आणि कॅमेरा बंद असतानाही चालणारी त्यांची थट्टामस्करी त्यांच्या मनात भरली होती. म्हणून पटकथाकार अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सिस गुडरिच यांना (हे दोघे स्वतः पतिपत्नी होते) त्यांनी सांगितले, की डॅशिएल हॅमेट यांची कादंबरी केवळ आधाराला घ्या आणि निक-नोराच्या प्रसंगांवर भर द्या. अशी जोडी आणि असे संवाद हाती असले, की मोठे सेट किंवा पाठलाग यांवाचून अडत नाही. हॉटेलची खोली, मद्यालय, जेवणाचे टेबल एवढ्यावर काम भागते. पॉवेल यांच्या पहिल्या दृश्याची हकिकत प्रसिद्ध आहे. मद्यालयात पेय घुसळण्याचा सराव करून पाहा, असे त्यांना सांगण्यात आले, आणि तेवढ्यात त्यांच्या नकळत दृश्य टिपूनही झाले. छायाचित्रकार जेम्स वाँग हाउ यांचे श्रेयही विसरता कामा नये. टॉर्चच्या उजेडात काळोखी कार्यशाळा धुंडाळण्याचा प्रसंग त्यांनी असा टिपला आहे, की तो स्वस्तात झाला असेल ही शंकाही येत नाही.

प्रश्न : शीर्षकातला ‘सडपातळ माणूस’ म्हणजे गुप्तहेर निकच ना? (एक वाचक, मडगाव)

नाही. तो शब्द बेपत्ता संशोधक वायनंट याच्यासाठी आहे. परंतु चित्रपट इतका चालला, की पुढील पाचही भागांच्या नावांत तेच शब्द राहिले आणि लोक निकलाच ‘थिन मॅन’ समजू लागले.

प्रश्न : आमची हौशी नाट्यमंडळी देवळाच्या उत्सवात एक रहस्यनाट्य करणार आहे. विनोद घातला की भीती ओसरते आणि काढला की प्रेक्षक कंटाळतात. या चित्रपटाने हे कसे साधले? (एक वाचक, फोंडा)

आपल्याकडच्या बहुतेक रहस्यनाट्यांत विनोदासाठी एक वेगळा नोकर किंवा शेजारी असतो. तो रंगमंचावर आला की रहस्य थांबते आणि तो गेला की पुन्हा सुरू होते. आपली अडचण मला येथेच दिसते. ‘द थिन मॅन’मध्ये विनोदाचा भार तपास करणाऱ्या दांपत्यावरच आहे. खून झालेल्या माणसाची थट्टा तेथे कोणी करत नाही.

शयनगृहातला प्रसंग बारकाईने पाहावा. एक गुंड पिस्तूल घेऊन खोलीत शिरतो. नोराला गोळी लागू नये म्हणून निक तिलाच ठोसा मारून बाजूला पाडतो आणि गुंडावर उशी फेकतो. निकला गोळी चाटून जाते, म्हणजे धोका अगदी खरा आहे. शुद्धीवर आल्यावर नोरा रागावते ती ठोशाबद्दल नव्हे. निकने त्या गुंडाला कसे लोळवले हे तिला पाहायला मिळाले नाही, याचे तिला वाईट वाटते. येथे भीती आणि हसू एकाच घटनेतून निघतात, म्हणून ती एकमेकांना मारत नाहीत.

विनोदाचा दुसरा उपयोग धागे लपवण्यासाठी होतो. कार्यशाळेत निक कुत्र्याशी गप्पा मारत असतो आणि आपण त्यात रमतो. कुत्रा नेमके कोठे हुंगतो आहे, याचे महत्त्व मागाहून कळते. आपल्या नाटकातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा प्रेक्षक हसत असताना त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवून पाहा.

शेवटचे मेजवानीचे दृश्य तर रंगमंचासाठीच लिहिल्यासारखे आहे. सर्व संशयित एका टेबलाभोवती, वाढप्यांच्या वेशात पोलीस आणि बोलणारा एकटा निक. नोरा हळूच विचारते, की हे सारे खरे आहे का. त्यावर तो सांगतो, की एवढी एकच संगती लागते. तर्काची साखळी येथे थोडी सैल आहे, हे मान्य करावे लागते, पण तोवर प्रत्येक पाहुणा आपल्या परिचयाचा झालेला असल्याने ती खुपत नाही. या दृश्याचे टेक वारंवार घ्यावे लागले, आणि तीच ती कालवे प्रखर दिव्यांखाली पुन्हा पुन्हा वाढली गेल्याने नासू लागली, अशी आठवण सांगितली जाते. गोव्यातल्या वाचकांना त्या दुर्गंधीची कल्पना सहज येईल. तरीही पडद्यावर एकाचाही चेहरा वाकडा झालेला दिसत नाही.

प्रश्न : नायक-नायिका इतकी दारू पितात, हे त्या काळी कसे चालले? (एक वाचक, डिचोली)

अमेरिकेतील दारूबंदी डिसेंबर 1933 मध्ये उठली आणि चित्रपट पुढच्याच वर्षी मे महिन्यात आला. उघडपणे पिण्याचे ते नवे स्वातंत्र्य त्यात पुरेपूर उतरले आहे. तिकडच्या चित्रपटांवरील नियमांची कडक अंमलबजावणी सुरू झाली ती त्यानंतर, जुलै 1934 पासून. लहान मुलांसोबत पाहताना हे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : पुढील भाग पाहण्याजोगे आहेत का? (एक वाचक, पणजी)

मूळ चित्रपटाला ऑस्करची चार नामांकने मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते. पारितोषिक मात्र एकही मिळाले नाही. उत्पन्न खर्चाच्या कित्येक पट झाल्याने पुढील भाग निघणे क्रमप्राप्तच होते. 1936 चा दुसरा भाग अवश्य पाहावा, त्यात तरुण जेम्स स्ट्युअर्टही आहेत. 1939 च्या तिसऱ्या भागात निक-नोराला मूल झालेले असते आणि तेथून खोडकरपणा हळूहळू घरगुती होत जातो. 1947 चा सहावा आणि शेवटचा भाग या जोडीवर जीव जडलेल्यांनीच पाहावा.