जंबो गेलं कुठे? जुन्या विमानांविषयी वाचकांचे प्रश्न

लांब पल्ल्याची, आत दोन मार्गिका असलेली जुनी विमानं कंपन्या विकतात आणि नवी घेतात, त्याविषयी बरीच पत्रं साठली आहेत. माझी नोकरीची सगळी वर्षं सांताक्रूझ-कलिन्याच्या हँगरमध्ये अशाच विमानांच्या पोटात शिरून गेली. निवडक पत्रांना उत्तरं देतो.

आई-बाबा दोघंही सत्तरीपुढचे. पुढच्या महिन्यात मुंबईहून न्यूयॉर्कला बहिणीकडे निघालेत. मागच्या खेपेला समोरचा स्क्रीन बंद, सीट मागे जात नव्हती. विमान पंधरा वर्षांचं होतं म्हणे. त्यांना पाठवू का? — एक वाचक, गोरेगाव

जरूर पाठवा. बंद स्क्रीनचा आणि विमानाच्या तब्येतीचा काही संबंध नसतो. कोणती वस्तू नादुरुस्त असताना उडायला हरकत नाही आणि कोणती असताना विमान जमिनीवरच ठेवायचं, याची मंजूर यादी प्रत्येक विमानासाठी असते. स्क्रीन पहिल्या गटात मोडतो.

वयाचं म्हणाल, तर आम्ही ते नुसत्या वर्षांत मोजत नाही. विमान वर जातं तेव्हा आत हवेचा दाब ठेवलेला असतो, त्यामुळे त्याचं अंग फुग्यासारखं किंचित ताणलं जातं. उतरलं की सैल पडतं. एक उड्डाण म्हणजे एक ताण. पत्रा आणि तो जोडणारे रिव्हेट थकतात ते या ताणांनी. न्यूयॉर्कचं विमान पंधरा-सोळा तासांत एकच ताण सोसतं. देशातल्या देशात फिरणारं छोटं विमान तेवढ्या वेळात पाच-सहा सोसतं. 1988 साली हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737चं छप्पर हवेतच उडालं. ते 19 वर्षांचं होतं, पण त्याची उड्डाणं 89 हजारांवर गेली होती, आणि ती सगळी खाऱ्या हवेतली, बेटाबेटांमधली. त्या घटनेनंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले.

उलटं उदाहरण तर आपल्या दारातलंच आहे. 1 जानेवारी 1978च्या रात्री एअर इंडियाचं ‘एम्परर अशोका’ हे जंबो, म्हणजे बोइंग 747, वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. 213 माणसं गेली. आमच्या पिढीतल्या प्रत्येक मेकॅनिकला ती तारीख पाठ आहे. ते जंबो सात वर्षांचंही झालं नव्हतं. विमान कोणत्या बाजूला कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण चुकलं, खाली काळोखा समुद्र होता, आणि कॅप्टनचा अंदाज चुकला. वयाचा तिथे काही संबंध नव्हता.

मोडकी सीट मात्र मुकाट्याने सोसू नका. सत्तरीच्या माणसाला सोळा तास ताठ बसवणं हा अन्याय आहे, लेखी तक्रार करा. एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग 787 विमानं 2012पासून आहेत, आणि त्यांतलं पहिलं आतून नवं करायला अमेरिकेत व्हिक्टरव्हिलला गेलं ते जुलै 2025मध्ये. हे काम फारच उशिरा हाती घेतलं गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एप्रिल 2024मध्ये आमच्या गच्चीवरून जंबो जाताना पाहिलं. पंख हलवून निरोप घेतला त्याने. चांगलं उडत होतं, मग विकलं का? आणि ते गेलं कुठे? — एक वाचक, कुर्ला

तुम्ही पाहिलंत ते 22 एप्रिलचं उड्डाण. एअर इंडियाची शेवटची चार 747-400 एअरसेल या अमेरिकन कंपनीने घेतली, त्यांतलं ते एक. एअर इंडियाकडे पहिलं जंबो आलं 1971मध्ये, म्हणजे हा निरोप पन्नासहून जास्त वर्षांच्या संसाराचा होता. माझेही डोळे भरून आले होते.

विकायचं कारण इंधन. 747-400ला चार इंजिनं, तासाला साधारण दहा टन इंधन लागतं. दोन इंजिनांचं बोइंग 777-300 ईआर जवळजवळ तेवढीच माणसं घेऊन बरंच कमी जाळतं, आणि 787 किंवा एअरबसचं ए350 त्याहूनही कमी. पूर्वी समुद्रावरून लांब जायचं तर चार इंजिनं हवीत, हा भरवसा होता. दोन इंजिनांच्या विमानांना लांबच्या मार्गांची परवानगी मिळत गेली तसा तो आधार संपला.

दुसरा खर्च ‘डी चेक’चा. साधारण सहा ते दहा वर्षांनी विमान पूर्ण उघडतात. सीट, जमीन, स्वयंपाकघर, संडास सगळं बाहेर. आतलं दृश्य मी तुम्हाला सांगतो. प्रवाशांना वाटतं गंज बाहेरून, पावसाने चढत असेल. तो सापडतो स्वयंपाकघराच्या आणि संडासाच्या खाली. वर्षानुवर्षं सांडलेला चहा, रस, पाणी फटीतून झिरपतं. जमिनीची फळी उचलली की खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर मिठासारखी पांढरी भुकटी दिसते. बोट फिरवलं की पट्टी खडबडीत लागते. मग ते खरवडायचं, किती खोल गेलंय ते मोजायचं, आणि मर्यादेबाहेर असलं तर तुकडा कापून नवा बसवायचा. एका डी चेकमध्ये हजारो तासांची मजुरी जाते. पंचवीस वर्षांच्या विमानावर एवढा खर्च करायचा की विकायचं, हा हिशेब तिथेच होतो. सुरक्षित ठेवता येतं, पण परवडत नाही.

विकलेल्या विमानाला पुढे दोन वाटा असतात. एक, बाजूला मोठं दार कापून, जमीन मजबूत करून मालवाहू करायचं. दुसरी, सुटं करायचं. सगळ्यात मोल इंजिनांना, मग चाकांच्या सांगाड्याला, कॉकपिटमधल्या उपकरणांना. उरलेला पत्रा भट्टीत.

नवी विमानं कमी इंधन खातात, मग तिकिटं स्वस्त होतील ना? — एक वाचक, ठाणे

लगेच तरी नाही. नव्या विमानाचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता मोठा असतो. शिवाय विमानं वेळेवर मिळतच नाहीत. बोइंगचं 777एक्स 2020मध्ये यायचं होतं, आता 2027 म्हणतात. म्हणून जगभर जुनी विमानं आणखी काही वर्षं ओढली जात आहेत. इंडिगोने तर 2025मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅम्स्टरडॅम सुरू केलं ते नॉर्स या नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने आणलेल्या 787 विमानांवर.

तिकीट काढताना विमानाचं वय कळतं का? — एक वाचक, दादर

विमानाचा प्रकार कळतो, वय नाही. जायच्या दिवशी उड्डाणं दाखवणाऱ्या ॲपवर नोंदणी क्रमांक दिसतो (भारतीय विमानांचा ‘व्हीटी’ने सुरू होतो), त्यावरून वय काढता येतं. पण विमान शेवटच्या तासात बदलू शकतं.

बंद पडलेल्या कंपनीची विमानं मुंबई विमानतळावर वर्षानुवर्षं उभी दिसायची. तशीच पुन्हा उडवता येतात का? — एक वाचक, विलेपार्ले

जेट एअरवेज एप्रिल 2019मध्ये थांबली, तिची मोठी 777 विमानं इथे उभी राहिली. कज्जे सुटेपर्यंत कित्येक पावसाळे गेले. आपल्या हवेत विमान उभं ठेवणं म्हणजे लोखंडी कढई मोरीत ठेवण्यासारखं. म्हणूनच जगातली जुनी विमानं कॅलिफोर्नियाच्या, ॲरिझोनाच्या किंवा स्पेनमधल्या तेरुएलच्या कोरड्या हवेत नेऊन ठेवतात.

उभ्या विमानाची देखभाल उडत्या विमानाइतकीच काटेकोर असते. इंजिनाची तोंडं झाकायची, आत ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवायच्या, टायर एका जागी बसू नयेत म्हणून चाकं फिरवायची. वेग मोजणाऱ्या बारीक नळ्यांना टोप्या घालायच्या, कारण तिथे किडे घर करतात. हे सगळं नोंदवहीत चढलं असेल तर विमान पुन्हा उडवता येतं. वही कोरी असेल तर धडधाकट विमानालाही गिऱ्हाईक मिळत नाही. विमानाइतकीच किंमत त्याच्या कागदांना असते.

मुलगा बारावी सायन्सला आहे, विमान दुरुस्तीत जायचं म्हणतो. जुनी विमानं चालली, मग या कामाला भविष्य आहे का? — एक वाचक, डोंबिवली

आहे. त्याला बिनधास्त जाऊ द्या. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन बारावी झाली की डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, मान्यता दिलेल्या संस्थेत एएमईचा, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा, अभ्यासक्रम करता येतो. प्रवेशाआधी ती मान्यता डीजीसीएच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नका. परीक्षांना आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला वेळ लागतो, लायसन्स हातात यायला काही वर्षं जातात. लायसन्सचे प्रकार असतात: बी1 म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बी2 म्हणजे विजेची आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं.

787 आणि ए350चं अंग बरंचसं कार्बन फायबरचं आहे. ते गंजत नाही, पण आत मार बसला तर वरून दिसत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी शिकावी लागते. ती येणारी माणसं आपल्याला भरपूर लागणार आहेत. विमान सजवायला अमेरिकेला पाठवायचं आणि मोडायलाही परदेशी द्यायचं, हे मला सलतं. नागपूरला मिहानमध्ये मोठ्या विमानांचं दुरुस्ती केंद्र आहे, मुंबईत हँगर आहेत. मुलाला शक्य झालं तर सुट्टीत एखादं हँगर आतून दाखवा. फळी उचललेलं विमान एकदा बघू दे, मग त्याचं त्यालाच ठरवू दे.