रास्पबेरी पाय ४ चा जीपीयू ओव्हरक्लॉक केला तर ४के व्हिडिओ ६० हर्ट्झला स्मूद चालेल का? किती मेगाहर्ट्झपर्यंत नेऊ?

आकडा सांगणार नाही, आधीच सांगून टाकतो. हाच आकडा, म्हणजे चित्राचं काम करणारा जीपीयू ठरलेल्या वेगाच्या वर किती पळवायचा (ओव्हरक्लॉक), तो शोधत मी इचलकरंजीत दाजींच्या फोटो स्टुडिओत तीन रात्री जागलोय आणि त्यावरून अजून घरात बोलणी खातो.

२०२१ ची गोष्ट. तुळशीचं लग्न उरकलं की दाजींचा सीझन सुरू होतो. काउंटरच्या मागं त्यांनी ५५ इंची ४के टीव्ही लावला होता, गिऱ्हाईक आलं की त्याला लग्नाचे व्हिडिओ दिसले पाहिजेत. मी तेव्हा ४ जीबीवाला पाय ४ (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) नवीन घेतलेला, हात शिवशिवत होते. म्हटलं पेन ड्राइव्ह काय बदलत बसताय दाजी, मी करून देतो. दाजी पायकडं बघून म्हणाले, "हे खेळणं? त्या टीव्हीवर?" झालं, मला तेवढंच पुरलं.

जोडला, चालू केला, तर माऊसचा बाण उड्या मारत जायला लागला. व्हिडिओत नवरी मान वळवते तर वळता वळता दोनदा थांबते. मग मी तेच केलं जे तू करायला निघालायस. कॉन्फिग फाइल (पायच्या सेटिंगची फाइल) उघडली, जीपीयू ५०० मेगाहर्ट्झवरनं ७०० ला, ओव्हर व्होल्टेज (चिपला जादा व्होल्टेज) ६, वर फोर्स टर्बो (कायम पूर्ण वेग). रीबूट. बाण तस्साच. नवरी तश्शीच. फक्त पाय इतका तापला की बोट ठेवलं आणि पटकन उचललं.

आता हे मला तिसऱ्या रात्री कळलं, तुला फुकटात सांगतो. पाय ४ ला ४के टीव्ही लावला की तो आपणहून ३० हर्ट्झ (सेकंदाला ३० वेळा चित्र) निवडतो. जीपीयूत दम नाही म्हणून नव्हे, ६० चं बटण बंद असतं म्हणून. कॉन्फिगमध्ये 'एचडीएमआय इनेबल ४केपी६०' ही ओळ टाकून तिला १ दे (शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर, तुला माहिती असेलच). ती टाकली की फर्मवेअर (पायच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) कोअर क्लॉक (चिपच्या मूळ भागाचा वेग) स्वतःच ५०० वरनं ५५० मेगाहर्ट्झ करतो, कारण पडद्यावर पिक्सेल ढकलायचं काम कोअर क्लॉकवर चालतं. म्हणजे लागणारं ओव्हरक्लॉकिंग बनवणाऱ्यांनीच करून ठेवलंय आणि आपण बसतो जीपीयूचा थ्रीडीचा भाग पळवत, ज्याचा इथं काही संबंधच नाही. ४के म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा, नुसतं चित्र मेमरीतनं बाहेर काढायलाच सेकंदाला २ जीबीच्या आसपास डेटा हलतो. थ्रीडीचा आकडा वाढवून त्यात काय फरक पडणार?

आणि केबल पॉवरच्या शेजारच्या एचडीएमआय पोर्टलाच लाव. दुसऱ्या पोर्टवर ४के ६० मिळत नाही. मी एक अख्खी रात्र दुसऱ्या पोर्टवर काढली, हे दाजींना अजून माहीत नाही.

एवढं करून बाण लोण्यासारखा फिरायला लागला, नवरी मात्र अडखळतच राहिली. तिथं मला खरा साक्षात्कार झाला. दाजींचा कॅमेरा ४के व्हिडिओ एच.२६४ (व्हिडिओ दाबून छोटा करायची एक पद्धत, म्हणजे कोडेक) मध्ये देतो, आणि पाय ४ चा एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर (व्हिडिओ उलगडणारा चिपमधला खास भाग) १०८०पी ६० वर संपतो. त्याच्या वरचं सगळं बिचाऱ्या सीपीयूच्या डोक्यावर. एचईव्हीसी (नंतरचा कोडेक) असेल तर हाच पाय ४के ६० हार्डवेअरवर ओढतो. मग लॅपटॉपवर एफएफएमपेग (व्हिडिओ बदलायचा प्रोग्रॅम) लावून रात्रभर फायली एचईव्हीसी केल्या, कोडी या प्लेअरमध्ये टाकल्या, ओव्हरक्लॉकच्या सगळ्या ओळी उडवल्या. सकाळी नवरीनं एका दमात मान वळवली. ताई पोह्यांची ताटली घेऊन तिथंच उभी राहिली बघत. (यूट्यूबचं ४के पाहिजे असेल तर विसर, ते व्हीपी९ नाहीतर एव्ही१ कोडेकमध्ये येतं, आणि पाय ४ मध्ये दोन्हींचा हार्डवेअर डिकोडर नाही.)

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. चार दिवसांनी दाजींचा फोन, "तुझं खेळणं बंद पडलं, गिऱ्हाईक समोर बसलंय." टीव्ही मिनिटभर चालतो आणि मग नो सिग्नल. पळत गेलो. बघतो तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकतंय. टीव्हीच्या मागं हात घातला तर माझा ५.१ व्होल्ट ३ ॲम्पियरचा ॲडॅप्टर गायब, तिथं मोबाइलचा चार्जर आणि बुटाच्या नाडीएवढी बारीक वायर. माझा ॲडॅप्टर म्हणे कुठल्यातरी लाइटला लावला. "चार्जर सगळे सारखेच असतात की रे."

नसतात हो दाजी! मोबाइलचा फास्ट चार्जर मोबाइलशी बोलून व्होल्टेज वाढवतो, पाय काय असलं बोलत नाही, त्याला ५ व्होल्टच मिळतात, त्यातले थोडे बारीक वायर खाते, आणि ४.६३ च्या खाली गेलं की वीज चमकते. ४के ६० चालू केल्यावर तर करंट आणखी लागतो. मी तिथल्या तिथं 'व्हीसीजेनकमांड गेट थ्रॉटल्ड' ही पायची तब्येत सांगणारी कमांड मारून दाखवलं, शून्य एक्स ५०००५ आलं, म्हणजे आत्ता व्होल्टेज कमी आहे, आत्ता थ्रॉटल होतंय (पाय स्वतःच वेग कमी करतोय), आणि दोन्ही आधीही होऊन गेलंय. दाजींनी ते वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे खेळणंच ना." आजही कुठल्या बारशाला भेटलो की चार माणसांत सांगतात, याच्या कॉम्प्युटरनं माझं गिऱ्हाईक घालवलं. गिऱ्हाईक चार्जरनं घालवलं. ॲडॅप्टर परत लावल्यावर तोच पाय दोन सीझन चालला, हे मात्र कुठल्या बारशात निघत नाही.

बाकी तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर पाय ३ असेल तर गोष्ट वेगळी, तिथं ४के साठी खरंच क्लॉक ताणावे लागतात आणि तरी ६० हर्ट्झ विसरायचं. पाय ५ ला ती ओळ लागतच नाही, दोन्ही पोर्टवर ४के ६० मिळतं, पण त्यात एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर काढून टाकलाय. गेमसाठी थ्रीडी वाढवायचं असेल तर जरूर वाढव, तिथं फरक पडतो. फक्त फोर्स टर्बो आणि ओव्हर व्होल्टेज एकत्र टाकलंस की चिपमध्ये वॉरंटीचा बिट (ओव्हरक्लॉक केल्याची खूण) कायमचा लागतो, पुसता येत नाही. माझा लागलाय. आणि पंखा बसव, ८० डिग्रीला तो स्वतःच वेग कमी करतो, टीव्हीच्या मागं तर उन्हाळ्यात लगेच.

फाइल कुठल्या कोडेकमध्ये आहे आणि गेट थ्रॉटल्डला काय येतं ते इथं टाक, मग बघू. मोबाइलच्या चार्जरवर चालवत असशील तर टाकायचीही गरज नाही.