एक मुक्काम आधी

पोरा,

ट्रकची पहिली लांबची खेप मिळाल्याचं वाचून बरं वाटलं. थंडीची तयारी कधी करू, असं विचारलंस. घरी राहणाऱ्याकडे ऋतू चालत येतो, आपण गाडी घेऊन त्याच्यात शिरतो. सकाळी बनियनवर स्टिअरिंग धरायचं आणि रात्री घाट चढून गेलं की दात वाजायचे. म्हणून तारीख बघू नकोस, वाट बघून ठरव. गाडीचं जे काही करायचं ते शेवटच्या उबदार मुक्कामावर, हात सुन्न व्हायच्या आधी उरकून टाक.

सगळ्यात आधी एअर टँक, म्हणजे ब्रेक चालवणाऱ्या हवेची टाकी. ब्रेकच्या हवेबरोबर पाणीही टाकीत साठतं. गोठण्याइतकी थंडी पडली की तेच पाणी व्हॉल्व्हमध्ये बर्फ होऊन बसतं. रोज टाकीतलं पाणी सोडायचा ड्रेन कॉक उघड आणि काय बाहेर पडतं ते बोटावर घेऊन बघ. नुसतं पाणी असेल तर हवेतला ओलावा टिपणारा एअर ड्रायर थकलाय. दुधाळ, चिकट काही आलं तर टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर तेल फेकतोय. मग आधी मिस्त्री, खेप नंतर.

माझी फजिती सांगतो. कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी गाडी धुतली आणि तशीच ओली लावून, हँडब्रेक ओढून झोपलो. सकाळी मागची चाकं फिरेनात. ब्रेकचे लायनर चाकातल्या ड्रमला गोठून चिकटले होते. मी अक्कल पाजळून गाडी तशीच ओढली आणि टायर एका जागी घासून सपाट केले. ओली गाडी उभी करण्याआधी थोडं अंतर ब्रेक हलका दाबत चालव, म्हणजे ड्रम तापून सुकतात.

टायरची हवा गाडी थंड असतानाच मोज. १०० पीएसआयचा टायर असेल, तर तापमान १० अंशांनी उतरल्यावर काटा साधारण ४ पीएसआय खाली येतो. ३० अंशांचा फरक पडला तर हिशोब तूच कर. उन्हाळ्यात उलट मोह होतो. तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते आणि नवखा ती सोडून देतो. सोडू नकोस. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो.

डिझेलचं गणित मात्र वेगळं. उबदार भागातल्या डिझेलमध्ये थंडीत मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो. म्हणून टाकी गच्च भरून वर जाऊ नकोस. पोहोचण्यापुरतं ठेव आणि तिथलं थंडीचं डिझेल भर. मेण धरू नये म्हणून मिळणारं औषध आधी घालायचं असतं. एकदा डिझेल गोठलं की हे औषध बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही.

पावसाचं तुला ठाऊक आहे, एवढंच ध्यानात ठेव की ओल्या रस्त्यावर भरलेल्या गाडीपेक्षा रिकामी गाडी लवकर घसरते. वायपरची रबरं उन्हातच बदल. पहिल्या सरीत, समोरच्या दिव्यांनी काच पांढरी झाल्यावर ती आठवून काय उपयोग?

पांघरूण एकाऐवजी दोन पातळ घे. आणि कितीही गारठलास तरी केबिन बंद करून आत शेगडी किंवा निखारे ठेवायचे नाहीत. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. यावर वाद घालू नकोस.

एअर ड्रायरचा कार्ट्रिज शेवटचा कधी बदलला, ते आधीच्या ड्रायव्हरला विचारून निघण्याआधी मला कळव.

तुझा,
उस्ताद