माळ्यावरची पेटी आणि तुझं ॲप

प्रश्न : ताई, मी यूएक्स डिझायनर आहे, राहायला गोरेगावला. आम्ही तिघं मित्र मिळून एक सर्व्हिस काढतोय. मुंबईतल्या लहान घरांमधलं जास्तीचं सामान घरून उचलायचं, भिवंडीच्या गोडाऊनमध्ये ठेवायचं आणि ॲपवर मागितलं की घरी आणून द्यायचं. स्क्रीन सगळ्या तयार आहेत, तीन टॅपमध्ये बुकिंग होतं. ओळखीच्या वीसेक घरांत दाखवलं, सगळे म्हणाले आयडिया मस्त आहे, पण सामान द्यायला एकही घर तयार नाही. चार मोठ्या बॉक्सना महिना ५०० रुपये, हे जास्त होतंय का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : अरे, भाड्याचं नंतर बघू. आधी सांग, तीन टॅपमध्ये सामान जातं पण परत यायला किती टॅप? तुझ्या मेलमध्ये त्याबद्दल एकच वाक्य आहे आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. सामान देताना माणूस ते कसं जाईल याचा विचारच करत नाही, ऐन वेळी हाताशी येईल का एवढंच त्याच्या डोक्यात असतं.

मी गिरगावात चाळीत वाढले. एक खोली, वर पोटमाळा, त्यावर दोन लोखंडी पेट्या आणि मोजता येणार नाहीत एवढी बोचकी. आईला विचारलं की ती चहा ढवळता ढवळता सांगायची, डावीकडची पेटी, निळ्या चादरीखाली, पण आधी घंगाळ उचल. म्हणजे जागा पोटमाळ्यावर होती आणि यादी आईच्या डोक्यात होती, आणि तू जागेची सोय केलीस पण यादीची नाही केलीस.

तोक्योच्या तेराडा या गोदाम कंपनीने २०१२ मध्ये मिनिकुरा नावाची सेवा काढली. तुम्ही खोका भरून पाठवायचा, ते उघडून आतल्या एकेका वस्तूचा फोटो काढतात आणि तुमच्या ऑनलाइन यादीत लावतात. आयडिया एकदम बरोबर, पण जशीच्या तशी इथे चालेल असं मला वाटत नाही, कारण आईची पेटी अनोळखी मुलाने तिकडे भिवंडीत उघडायची हे आपल्याकडे किती घरांत चालेल? त्यापेक्षा भरताना घरच्यांनीच फोटो काढावेत, बॉक्सवर नंबरचा स्टिकर, वर सील, आणि नाव त्यांच्या भाषेत. तुझ्या स्क्रीनवर ‘फर्निचर, कपडे, इतर’ असे कप्पे आहेत, पण घरात असं कोणी बोलत नाही रे, घरात ‘गौरीचं सामान’ असतं, ‘बाळाचं’ असतं, ‘लग्नातली भांडी’ असतात. बोलून नाव देता आलं पाहिजे, टाइप करायला लावू नकोस. आणि ‘अडगळ’ हा शब्द ॲपमधून आजच्या आज काढ, दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला अडगळ म्हणायचा हक्क फक्त त्या घरातल्या सुनेला असतो आणि तीही सासूबाई समोर नसतानाच म्हणते.

दुसरं म्हणजे कॅलेंडर. सामान वर्षभर थोडं थोडं मागवलं जाईल असं तुम्ही धरलंय, पण तसं होत नाही. मखर, समया, चौरंग सगळ्यांना गणपतीच्या आधीच्या आठवड्यातच हवं असतं, नेमका पाऊस असतो, रस्ते तुंबलेले, आणि तुमचा टेम्पो भिवंडीहून निघणार. चतुर्थीच्या आदल्या रात्री एका घरी मखर पोचलं नाही तर त्या बिल्डिंगमध्ये तुमचं नाव कायमचं गेलं समज. म्हणून होम स्क्रीनवर बॉक्सची यादी नको, पुढचा सण ठेव आणि पंधरा-वीस दिवस आधी विचार की गणपतीचा बॉक्स अमुक तारखेला पाठवू का? हो म्हटलं की झालं. थंडीच्या आधी गोधड्या, दिवाळीला कंदील, हेही तसंच.

मग ओटीपी. अकाउंट मुलाच्या फोनवर, मुलगा ऑफिसात, दारात टेम्पोवाला, खाली वॉचमन आणि घरी आजी एकटी. ओटीपी जातो मुलाला आणि तो मीटिंगमध्ये! एका घराचे तीन-चार फोन जोडता आलेच पाहिजेत. ज्या सोसायटीत सामान लिफ्टने न्यायला ठरावीक वेळ असते तिथे ती बुकिंगच्या वेळीच विचार, दारात आल्यावर वाद नको.

दमट हवेचंही बघ. मुंबईचा पावसाळा म्हणजे बुरशी आणि कसर, पैठणीला भोक पडलं तर पाचशे रुपये भाडं परत देऊन त्या बाईला काय उपयोग? गोडाऊनमधला दमटपणा मोजून तो आकडा ॲपवर दाखव, तेवढं बघूनच बायका अर्ध्या निवांत होतील. सिलिंडर, फटाके, धान्य घ्यायचंच नाही, दागिने आणि मूळ कागदपत्रंही नाही. आणि देव कोणी देणार नाही, मागूही नकोस.

गिऱ्हाईक शोधायचं तर पुनर्विकासात निघालेली घरं बघ. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी १९२०च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची, नवीन घर ५०० चौरस फुटांचं. मधली वर्षं भाड्याच्या घरात, तिथे आजोबांचं शिसवी कपाट मावत नाही आणि टाकवतही नाही. अशा लोकांना गरज खरी असते.

आता भाडं. ५०० प्रमाणे दोन वर्षांचे १२,००० होतात. बॉक्समध्ये जुन्या गाद्या असतील तर हा तोटाच आहे आणि तो तुम्ही स्वतःहून सांगायला हवा. वर्षभर न उघडलेला बॉक्स दिसला की ‘हे ठेवायचं, परत हवं की कोणाला द्यायचं?’ असं विचारा. लोक विसरले की आपलं भाडं चालू, यावर धंदा उभा करायचा मोह होईलच, माझ्या मते करू नये.

आणि कोडिंग थांबव महिनाभर. दहा घरं घे, व्हॉट्सॲप ग्रुप, एक शीट, नंबरचे स्टिकर, सामान हवं तर मित्राच्या रिकाम्या खोलीत ठेव. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक घराने एक वस्तू परत मागायची असं सांग. ती वस्तू वेळेवर पोचली की दुसरा बॉक्स ते स्वतःच काढून देतात की नाही ते मला कळव.

प्रश्न : ताई, अशा सर्व्हिसला आम्ही सामान दिलं आणि खराब झालं तर? त्यांच्या अटींमध्ये ‘जबाबदारी ग्राहकाची’ असं लिहिलंय.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : १८७२ च्या करार कायद्यातलं कलम १५१ सांगतं की सांभाळायला घेतलेल्या वस्तूची काळजी साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी घ्यायला हवी. तरी त्या अटी वकिलाला दाखवूनच सही करा. देताना त्यांच्या माणसासमोर प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, यादीवर त्याची सही घ्या, विमा किती रकमेचा ते लेखी मागा. पेटीला कुलूप लावा आणि किल्ली घरीच ठेवा.