बाँडवरची फारकत की कोर्टातली मध्यस्थी?

प्रश्न : ताई, माझं माहेर जिंतूर तालुक्यात, सासर लातूरकडं. दोन वर्षांपासून मुलाला घेऊन माहेरीच आहे. मला नांदायला जायचं नाही, त्यांनाही न्यायचं नाही. भावकीतले म्हणतात, बैठक बसवू, चार लाख घे, पाचशेच्या बाँडवर फारकत लिहून दे अन् मोकळी हो. कोर्टात मध्यस्थी असते असं ऐकलं. पण वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

उत्तर : त्या बाँडवर सही करू नका. कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय तुमचं लग्न मोडत नाही. काही समाजांत रूढीनं फारकत होते, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते अन् तिथंच बाया अडकतात. उद्या दुसरं लग्न केलंत तर तेच रद्दबातल ठरायचं.

वकिलाची चिंता सोडा. १९८७च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्या, नाहीतर १५१०० वर फोन करा. केस दाखल नसली तरी मध्यस्थी मागता येते.

मध्यस्थ निकाल देत नाही, सहीची जबरदस्तीही करत नाही. समोरासमोर बसायची भीती वाटत असेल तर तसं सांगा, तो दोघांशी वेगवेगळं बोलतो. तिथलं बोलणं पुढं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. बैठकीत मात्र पन्नास माणसांपुढं बाईची मान खाली जाते आणि आकडा दुसरेच ठरवतात. हे मला फार खटकतं.

आता पैशाचं. तडजोड ठरली की दोघांच्या संमतीचा घटस्फोटाचा अर्ज, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली, दाखल होतो. त्यानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात ही मुदत माफ होऊ शकते. मधल्या काळात कोणीही संमती मागं घेऊ शकतं, म्हणून हप्ते तारखांना बांधून घ्या : काही रक्कम अर्जाच्या वेळी, उरलेली शेवटच्या जबाबाच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टनं. नुसतं ‘नंतर देऊ’ चालवून घेऊ नका.

तुमचे दागिने स्त्रीधन आहेत, ते त्या चार लाखांत मोजू देऊ नका. एकदाणी, पाटल्या, जोडवी, जे असेल ते वजनासकट लिहून काढा. सोनाराची पावती नसेल तर लग्नातले फोटो शोधा.

आणि मुलगा. ‘पुढं मुलासाठी काही मागणार नाही’ असं वाक्य कागदात घुसडतातच. त्याचा खर्च हा त्याचा स्वतःचा हक्क आहे, तुम्ही लिहून दिलंत तरी तो बुडत नाही. तरीही ते वाक्य खोडायला लावा. त्याऐवजी महिन्याची रक्कम, जूनमधली शाळेची फी, सुट्टीत बापाकडं किती दिवस राहील, हे स्पष्ट लिहून घ्या. मसुदा तुमच्या वकिलानं मराठीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही, सही नाही.