निलंबनात पगार पूर्ण बंद होतो का? (भाऊ सोलापूरच्या तहसील कार्यालयात लिपिक आहे)

नाही, पूर्ण बंद होत नाही. पगाराऐवजी निर्वाह भत्ता मिळतो. पहिले 3 महिने अर्धपगारी रजेच्या वेतनाइतकी रक्कम आणि त्यावरचा महागाई भत्ता, म्हणजे साधारण निम्मा पगार. 3 महिन्यांनंतर, चौकशीतला विलंब भावामुळे झालेला नसेल तर हा भत्ता जास्तीत जास्त निम्म्याने वाढवता येतो. विलंब त्याच्यामुळेच झाला असेल, तर तेवढाच कमीही होऊ शकतो. म्हणून चौकशीच्या तारखा चुकवू नका, नोटिशीला वेळेत उत्तर द्या. मी आस्थापना शाखेत ही बिलं केली आहेत. आधार म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा नियम, 1981 मधला नियम 68. बिल अडतं ते बहुधा एका कागदासाठी: ‘या काळात दुसरी नोकरी वा धंदा करत नाही’ हा दाखला. तो वेळच्या वेळी द्यायला सांगा. घर त्यावरच चालायचंय. निलंबन ही शिक्षा नव्हे, तरी त्या आदेशाविरुद्ध 1979 च्या शिस्त व अपील नियमांखाली अपील करता येतं. मात्र हे राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी. जिल्हा परिषदेला 1964 चे वेगळे शिस्त व अपील नियम आहेत.